विद्वत्संस्थांची पदकं-पुरस्कार: पहिल्यांदाच नाव पाठवताय? मग हे वाचा

दरवर्षी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "मॅडम, त्या यंग सायंटिस्ट मेडलचा फॉर्म भरायचाय, काय काय लागतं?" आणि येतो तो शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी, त्यात मधे शनिवार-रविवार. प्रत्येकाला वेगळं वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. पीएचडी चालू असलेले, नुकतीच झालेले, आणि कॉलेजात आठवड्याला सोळा तास शिकवून उरलेल्या वेळात संशोधन रेटणारे, अशांसाठी आहे हे. ज्यांच्या शोकेसमध्ये आधीच चार पदकं आहेत त्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका. पदक म्हणजे एमपीएससी नाही, की फॉर्म भरला, परीक्षा दिली, मेरिट लिस्ट लागली. जुन्या संस्थांच्या बहुतेक मोठ्या पदकांना तुम्ही स्वतः अर्ज करूच शकत नाही, दुसऱ्या कुणीतरी तुमचं नाव सुचवावं लागतं. म्हणजे तुमचं काम कितीही भारी असू दे, कुणीतरी बसून दोन संध्याकाळ घालवून तुमच्यासाठी कागद तयार केले नाहीत तर समितीच्या टेबलावर तुमचं नाव जाणारच नाही, आणि समिती काही देशभर फिरून गुणी माणसं शोधत नाही, तिच्यासमोर जी पंधरा-वीस नावं येतात त्यातूनच ती निवडते. मी एका छोट्या संस्थेच्या छाननीला दोनदा बसलेय, दोन्ही वेळा मनात हेच आलं की अरे, अमक्याचं नाव कसं नाही आलं यात. नाही आलं कारण कुणी पाठवलंच नाही. एवढंच.

याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे नैनसिंग रावत. कुमाऊंकडचे शाळामास्तर, सर्व्हे ऑफ इंडियाने त्यांना मोजणीचं शिक्षण देऊन वेष बदलून तिबेटात पाठवलं, जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी ठेवले आणि शंभर पावलांना एक मणी असं मोजत मोजत ते ल्हासापर्यंत गेले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. आता विचार करा, हिमालयातल्या गावातला हा माणूस लंडनला फॉर्म पाठवणार होता का? तिथे त्यांच्या कामाची किंमत कळलेली माणसं होती, त्यांनी बाजू लावून धरली, तेव्हा कुठे ते झालं.

आणि उलटंही उदाहरण आहे. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने 1828 मध्ये कॅरोलाइन हर्शेलला सुवर्णपदक दिलं, त्यानंतर तेच पदक मिळवणारी पुढची बाई म्हणजे व्हेरा रुबिन, साल 1996. मधल्या 168 वर्षांत बायकांनी आकाशाकडे बघितलंच नाही असं थोडंच आहे! त्या संस्थेत बायकांना फेलो म्हणून घ्यायलाच 1916 उजाडलं, मग नावं सुचवणार कोण आणि कुणाची. रॉयल सोसायटीचं कॉपली पदक 1731 पासून दिलं जातंय, पहिली बाई डोरोथी हॉजकिन 1976 ला आणि दुसरी जोसेलिन बेल बर्नेल थेट 2021 ला. म्हणून मुलींनो, आणि छोट्या गावातल्या कॉलेजातल्या लोकांनो, "कुणी विचारलं तर बघू" असं म्हणत बसू नका. कुणी विचारणार नाहीये.

पहिलं काम: कुठली संस्था आणि कसलं पदक

विज्ञानवाल्यांसाठी आपल्याकडे तीन जुन्या अकादम्या आहेत, अलाहाबादची नॅशनल अकॅडमी (1930), बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस जी रामन यांनी 1934 मध्ये काढली, आणि दिल्लीची इन्सा, म्हणजे इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी (1935). यांच्याखाली मग विषयवार संस्था, आणि नवख्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी. गणितवाल्यांची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी 1907 ची आहे, तिची लायब्ररी सुरुवातीला आपल्या फर्ग्युसन कॉलेजात होती हे पुण्यातल्या गणितवाल्यांनाही माहीत नसतं. खगोलवाल्यांची अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी 1972 ची. इतिहासवाल्यांची इंडियन हिस्टरी काँग्रेस, तिचं पहिलं अधिवेशन 1935 मध्ये पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात भरलं होतं. प्राच्यविद्या, संस्कृत वगैरे असेल तर मुंबईची एशियाटिक सोसायटी, टाउन हॉलच्या त्या पायऱ्यांवर फोटो सगळेच काढतात पण वर जाणारे कमी. 1804 मध्ये सुरू झालेली संस्था आहे ती. तिच्याकडे कॅम्बेल यांच्या नावाचं पदक आहे, हे कॅम्बेल म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या नावाचं सुवर्णपदक आहे जे दर तीन वर्षांनी वैदिक, धर्मशास्त्र किंवा अलंकारशास्त्रातल्या कामासाठी देतात.

हे "दर तीन वर्षांनी" नीट वाचा. बरीच पदकं दरवर्षी नसतात, काही आलटून पालटून विषयांना असतात, या वर्षी रसायन, पुढच्या वर्षी जीवशास्त्र असं. माझ्या ओळखीतल्या एकाने सगळी फाइल तयार केली आणि मग कळलं की त्याच्या विषयाची पाळी मागच्याच वर्षी येऊन गेली.

आता प्रकार. साधारण असे दिसतात: अधिवेशनात वाचलेल्या पेपरला बक्षीस, सर्वोत्तम प्रबंधाला बक्षीस, ठरावीक वयाखालच्यांना पदक, एखाद्या ग्रंथाला किंवा छापील पेपरला पुरस्कार, आणि आयुष्यभराच्या कामासाठीचं मोठं पदक किंवा नावाचं व्याख्यान. शेवटचा प्रकार तुमच्यासाठी नाही, निदान अजून वीस वर्षं नाही. पहिल्या दोनसाठी मात्र तुम्ही आत्ता, म्हणजे याच वर्षी तयारी करू शकता, आणि लोक नेमके तेच सोडून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. पेपर वाचनाच्या स्पर्धेत बहुतेक ठिकाणी तुम्ही स्वतःच नाव देऊ शकता, फक्त संस्थेचं सभासद असावं लागतं, पेपर आधी कुठे छापलेला नसावा लागतो, आणि पूर्ण पेपर आधी पाठवावा लागतो, नुसता गोषवारा नाही. समोर बसलेली दहा-बारा जाणती माणसं तुम्हाला ऐकतात, त्यातलाच एखादा पाच वर्षांनी तुमचं नाव सुचवतो. बक्षीस मिळालं नाही तरी हे मिळतं, आणि खरं सांगू का, तेच जास्त कामाचं आहे.

इथेच एक उपकथा. मेंबर, फेलो आणि मेडल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंबरशिप पैसे भरून मिळते, तिला बायोडेटात "पुरस्कार व सन्मान" खाली लिहू नका, हसतात लोक. फेलो म्हणजे आधीच्या फेलोंनी निवडून घेतलेला माणूस, जसे मुंबईचे जहाजबांधणीवाले अर्देशीर कर्सेटजी वाडिया 1841 मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. आणि मेडल ही एखाद्या कामाची पोचपावती. तिन्हीचे रस्ते वेगळे, फॉर्म वेगळे. काही संस्थांच्या नुसत्या मेंबरशिपलाही दोन सभासदांची शिफारस लागते हे मात्र खरं.

अजून एक, सरकारी पुरस्कार आणि संस्थेचं पदक यात गल्लत करू नका. 2022 मध्ये केंद्र सरकारने विज्ञान खात्यांच्या ढीगभर पुरस्कारांची छाटणी करायला घेतली आणि 2023 मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केले, विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि टीमसाठी एक. या सगळ्या उलथापालथीत बरेच जुने पुरस्कार बंद झाले, काहींची नावं-नियम बदलले. त्यामुळे सीनियरने दिलेली 2018 ची पीडीएफ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी "टॉप 50 सायन्स अवॉर्ड्स" ची यादी धरून बसू नका, ज्या संस्थेचं पदक आहे तिचीच या वर्षीची जाहिरात काढा आणि प्रिंट मारून हातात घ्या.

नियम वाचताना हायलाइटर घेऊन बसा

सगळ्यात जास्त बळी वयाच्या अटीत जातात. अट "35 वर्षांखालील" किंवा "40 वर्षांखालील" एवढीच डोक्यात राहते, पण कुठल्या तारखेला, हे कुणी बघत नाही. फील्ड्स पदकाचं बघा, इंटरनॅशनल मॅथेमॅटिकल युनियन देते ते, ज्या वर्षी तिची जागतिक गणित परिषद (काँग्रेस) भरते त्या वर्षाच्या 1 जानेवारीला वय 40 च्या खाली हवं. अँड्र्यू वाइल्सने फर्माचं शेवटचं प्रमेय सोडवलं, साडेतीनशे वर्षं अडलेला प्रश्न, पण सिद्धता पक्की होईपर्यंत चाळिशी उलटलेली, मग 1998 मध्ये त्याला पदकाऐवजी खास चांदीची पट्टिका दिली. तुमच्या-आमच्यासाठी कुणी खास पट्टिका बनवणार नाही. माझं स्वतःचं असंच गेलंय, मी धरून चालले होते की अर्जाची शेवटची तारीख म्हणजेच वयाची तारीख, ती निघाली वर्षाअखेरची, आणि माझा वाढदिवस नोव्हेंबरात. सगळे कागद तयार, दोन पत्रं आलेली, आणि फाइल कपाटात. काही ठिकाणी बाळंतपण, आजारपण यासाठी वयात सूट असते, ती अटींच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असते आणि ती मागावी लागते, आपणहून देत नाहीत.

वयाशिवाय आणखी काय बघायचं: काम भारतात केलेलं हवं का (परदेशात पोस्टडॉक करून आलेल्यांनी हे आधी बघा), कुठल्या वर्षांतले पेपर धरणार, सभासदत्व किती वर्षं जुनं हवं, एक नॉमिनेटर (म्हणजे नाव सुचवणारा) किती नावं देऊ शकतो, तो संस्थेचा फेलोच असायला हवा की कुठलाही प्राध्यापक चालतो, कॉलेजच्या प्रमुखाची सही लागते का, आणि नाव एकदा दिलं की पुढच्या वर्षी पण ग्राह्य धरतात का. या शेवटच्याकडे तर कुणी बघतच नाही. काही संस्था एकदा आलेलं नाव दोन-तीन वर्षं विचारात ठेवतात, काही ठिकाणी दरवर्षी नव्याने सगळं. पहिल्या प्रकारात असाल तर दुसऱ्या वर्षी नुसते नवीन पेपर जोडून पाठवता येतं, नॉमिनेटरला परत त्रास नाही.

माणूस शोधणे, म्हणजे खरं काम

नॉमिनेटर म्हणून आपले गाइड हे पहिलं नाव डोक्यात येतं. येऊ दे, पण शक्य असेल तर दुसरा माणूस बघा. गाइडने कौतुक करणं म्हणजे आईने स्वयंपाकाचं कौतुक केल्यासारखं आहे, समितीला त्याचं वजन तेवढंच वाटतं. ज्याने तुमचा पेपर स्वतःहून वाचलाय, वापरलाय, किंवा अधिवेशनात तुम्हाला अवघड प्रश्न विचारलाय, असा बाहेरचा माणूस सोन्यासारखा. मग गाइडना पाठिंब्याचं पत्र देऊ द्या, जिथे चालत असेल तिथे. सहलेखक, नातेवाईक, एकाच प्रोजेक्टवरचे लोक यांचं काही संस्थांत चालतच नाही, ते आधी बघा.

विचारायचं कसं यावर मुलं फार अडतात. संकोच वाटतो, "माझंच नाव सुचवा असं कसं म्हणू?" म्हणायचं असतं हो. जगभर असंच चालतं, फक्त समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. मी माझ्या विद्यार्थिनीला जो मजकूर दिला होता तो असा होता:

"नमस्कार सर, डिसेंबरच्या अधिवेशनात माझ्या पेपरवर आपण पाण्याच्या पातळीबद्दल विचारलं होतं, त्यावरून पुढे केलेलं काम आता छापून आलंय, सोबत जोडते. अमुक संस्थेच्या तरुण संशोधक पदकासाठी नावं मागवली आहेत, शेवटची तारीख इतकी. माझं काम त्या योग्यतेचं आहे असं आपल्याला वाटलं तर माझं नाव सुचवाल का? नियम, बायोडेटा आणि कामाचा एक पानाचा सारांश तयार आहे. सध्या वेळ नसेल किंवा आपल्याला योग्य वाटत नसेल तर अगदी मोकळेपणाने सांगा, मी समजू शकते."

बस, एवढंच. "आपल्यासारख्या थोर व्यक्तीच्या आशीर्वादाने" वगैरे काही नको. आणि हे निदान दीड-दोन महिने आधी जायला हवं. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एक आठवण, मग गप्प. फोनवर फोन करू नका. "हो" आलं की त्यांना एकाच मेलमध्ये सगळं द्या: नियमांची पीडीएफ, फॉर्म जेवढा भरता येईल तेवढा भरून, बायोडेटा, पाच निवडक पेपर, सारांश, आणि तारखा वर ठळक अक्षरात. मोठ्या लोकांकडे इच्छा असते, वेळ नसतो. काही जण म्हणतील "तूच पत्राचा मसुदा कर", हेही चालतं, पण मसुदा म्हणजे वस्तुस्थिती, विशेषणं त्यांची त्यांना घालू द्या. दोन शिफारसपत्रांत तीच ती तीन वाक्यं आलेली मी पाहिलीयेत आणि ती कुणी लिहिली असणार हे सांगायला शेरलॉक होम्स लागत नाही.

सारांश आणि सायटेशन, इथे वेळ घाला

पूर्ण फाइलमध्ये समितीतला प्रत्येक माणूस एक गोष्ट नक्की वाचतो, ती म्हणजे कामाचा तो शंभर-दीडशे शब्दांचा सारांश. बाकीचं चाळतो. आणि तो माणूस तुमच्या विषयाचा नसतो हे लक्षात घ्या, जीवशास्त्राच्या समितीत बेडूकवाला एक, बाकीचे रेणूवाले.

परत नैनसिंगांकडे येते. त्यांच्या पदकाची नोंद, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारं सायटेशन, थोडक्यात अशी आहे की तिबेटात आणि वरच्या ब्रह्मपुत्रेकाठी मोठे प्रवास आणि मोजणी केली, त्यात ल्हासाचं स्थान निश्चित केलं आणि आशियाच्या नकाशात मोठी भर घातली. बघा, काय केलं, कुठे केलं, नेमकं काय सापडलं, त्याने काय बदललं. एकच वाक्य आणि त्यात "मूलगामी" नाही, "आंतरराष्ट्रीय ख्याती" नाही.

आता आपल्याकडे काय येतं ते बघा. समजा कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, काम करणारी कुणी आहे, ती लिहिते, "कोकणातील जैवविविधतेवर महत्त्वपूर्ण व मूलभूत स्वरूपाचे संशोधन केले असून ते आंतरराष्ट्रीय स्तरावर वाखाणले गेले आहे." यातून मला काय कळलं? शून्य. तेच असं लिहा: "कातळसड्यावर पावसाळ्यात साठणाऱ्या डबक्यांतल्या बेडकांचा सलग तीन पावसाळे मागोवा घेतला. डबकं लवकर आटत असेल तर टॅडपोल लवकर बेडूक होतात पण आकाराने लहान राहतात हे प्रत्यक्ष सड्यावर दाखवलं. चिरेखाण सुरू होण्याआधी कुठली डबकी राखली पाहिजेत हे यावरून ठरवता येतं." दुसरं वाचून रेणूवाला माणूस पण मान वर करतो, चिरेखाण म्हटल्यावर तर नक्कीच. उदाहरण माझ्या मनातलं आहे, कुणाचं कॉपी करू नका, पण साचा घ्या.

पेपरच्या यादीबद्दल. चाळीस पेपर असतील तर चाळीस द्या, पण वरचे पाच वेगळे काढा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी, यात माझं काम नेमकं काय. सहा लेखकांच्या पेपरमध्ये तुम्ही चौथे असाल तर समितीत पहिला प्रश्न तोच येतो. "नमुने मी गोळा केले, विश्लेषणाचा कोड मी लिहिला, पहिला मसुदा माझा" असं सरळ लिहा. आणि खोटं लिहू नका, बाकीचे पाच लेखक याच देशात राहतात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इतिहास, लोकसाहित्य, भाषा यात आपल्याकडे फार चांगलं लिखाण मराठीत होतं, मोडी कागदांवरचं तर मराठीतच होतं, पण राष्ट्रीय पातळीच्या समितीत मराठी वाचणारे एक-दोनच असतात, कधी तेही नसतात. तर पुस्तकाचा दोन-तीन पानांचा इंग्रजी गोषवारा आणि एखाद्या महत्त्वाच्या प्रकरणाचा नीट केलेला अनुवाद जोडा. मशीनने केलेला तसाच्या तसा नको, "सरंजाम" चं काय होतं त्यात ते मी बघितलंय. एका तरी शिफारसपत्रात हे काम मराठीत असणं का गरजेचं होतं ते यावं, म्हणजे उणीव न वाटता ती ताकद वाटते.

कागद, सह्या आणि पोस्ट

हा भाग कंटाळवाणा आहे पण निम्म्या फाइली इथेच मरतात. नोकरीत असाल तर "थ्रू प्रॉपर चॅनेल" लागू शकतं, म्हणजे विभागप्रमुख, मग प्राचार्य, मग विद्यापीठ असेल तर आस्थापना विभाग, प्रत्येक टेबलावर तीन दिवस धरा आणि आवक-जावकचा नंबर घेऊन ठेवा. एका वर्षी आमच्याकडच्या एका मुलाचं फॉरवर्डिंग लेटर सहीसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात तळाशी गेलं ते तारीख उलटल्यावर वर आलं, कुणाचाच दोष नाही म्हणे. तेव्हापासून मी म्हणते, आगाऊ प्रत थेट संस्थेला पाठवा, वर "अ‍ॅडव्हान्स कॉपी" लिहा, मागाहून सहीवाली जाते.

जन्मतारखेचा पुरावा दहावीच्या सर्टिफिकेटचा ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी दोन्ही नावांची सांगड घालणारा कागद जोडा, पेपर एका नावाने आणि अर्ज दुसऱ्या नावाने असला की छाननीवाला गोंधळतो. फाइलचं नाव "फायनल_फायनल_नवीन" ठेवू नका, आडनाव आणि पदकाचं नाव ठेवा. ऑनलाइन पोर्टल असेल तर शेवटच्या दिवशी ते बसणार हे गृहीत धरा, आणि फोटो-पीडीएफच्या साइझची मर्यादा आधी बघा. काही जुन्या संस्था अजून छापील प्रती मागतात, पाच-सहा संच, आणि नियमात लिहिलेलं असतं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पण 2025 मध्ये पोस्टाने ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली, तर स्पीड पोस्ट करा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. तारीख "पोचण्याची" आहे की "पाठवण्याची" तेही बघा.

पैसे मागणारे "पुरस्कार"

हे वाचल्याशिवाय जाऊ नका. तुमचा एक पेपर छापून आला की महिन्याभरात मेल येतो, आदरणीय संशोधक, आपली "इंटरनॅशनल बेस्ट रिसर्चर अवॉर्ड" साठी निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क इतके हजार. तुम्ही अर्ज केला नाही, कुणी नाव दिलं नाही, आणि निवड झाली! हॉटेलचा हॉल, शाल, ट्रॉफी, आणि त्याच दुपारी आणखी दीडशे जणांना तोच पुरस्कार वेगवेगळ्या नावांनी. ओळखायचं कसं? मागच्या विजेत्यांची यादी आहे का, आणि त्यातल्या दोघा-तिघांचं काम तुमच्या विषयातल्या जाणत्यांना माहीत आहे का. निवड समितीत कोण आहे हे लिहिलंय का. संस्था पुरस्काराशिवाय दुसरं काही करते का, म्हणजे जर्नल, अधिवेशन, लायब्ररी, काहीतरी. नावात एखाद्या खऱ्या अकादमीच्या नावाशी मुद्दाम साम्य आहे का.

गंमत म्हणजे खऱ्या संस्थाही पैसे घेतात, सभासद वर्गणी घेतात, अधिवेशनाची नोंदणी फी घेतात, ते ठीक आहे. पण जिंकल्यावर जिंकण्याचे पैसे मागत नाहीत. प्रमोशनच्या गुणांसाठी लोक हे विकतचे पुरस्कार घेतात हे मला माहितीये, आणि मी कुणाला नावं ठेवत नाही, आपल्याकडची फॉर्म भरण्याची व्यवस्थाच तशी आहे, पण ज्या दिवशी तुमचा बायोडेटा एखाद्या खऱ्या समितीसमोर जाईल त्या दिवशी ती ओळ तुमच्या बाकीच्या चांगल्या ओळींनाही खाली ओढते. काढून टाका.

पाठवल्यानंतर

शांतता. पोच आली तर आली. समितीत कोण आहे हे कळलं तरी त्यांना फोन, मेल, "सहज भेटायला आलो" असलं काही करायचं नाही, त्याने फक्त नुकसान होतं, ती माणसं त्या दिवशी तुमच्या नावावरून बाजूला होतात. निकाल बहुतेक ठिकाणी काही महिन्यांनी येतो, नाही मिळालं तर कुणी कळवतही नाही, दुसऱ्याच कुणाच्या अभिनंदनाच्या पोस्टवरून कळतं. तेव्हा नॉमिनेटरला एक साधा आभाराचा मेल करा, निकाल लागला, माझं झालं नाही, तुमचा वेळ दिलात त्याबद्दल आभारी आहे, आणि जमलं तर पुढच्या वर्षी परत विचारेन. हा मेल शंभरातले पाच जण पण करत नाहीत, आणि करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. फाइल जपून ठेवा, दर सहा महिन्यांनी त्यात नवीन पेपर घाला, म्हणजे पुढच्या खेपेला चार दिवसांत जमवाजमव नाही.

आणि मिळालं तर! बहुतेक पदकांबरोबर एक व्याख्यान द्यावं लागतं, त्याची तयारी पदकापेक्षा जड जाते, ते सांभाळा. प्रवासखर्च संस्था देते की तुम्ही, ते आधी विचारा, लाजू नका. रोख रक्कम असेल तर सीएला विचारा, करमाफी सरकारने मान्यता दिलेल्या पुरस्कारांनाच असते, सगळ्यांना नाही, आणि मार्चमध्ये धक्का बसण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. कामात वाटा असलेल्या सगळ्यांची नावं भाषणात घ्या, लॅबचे मामा धरून. आणि "सुवर्णपदक" म्हणजे बऱ्याच ठिकाणी चांदीवर सोन्याचा मुलामा असतो, रॉयल सोसायटीचं कॉपली पदकसुद्धा तसंच आहे, तेव्हा घरी कुणी सोनाराकडे न्यायच्या आधी सांगून ठेवा. आमच्याकडे नेलं होतं.